चाचांच्या उंचीचं कोळपं

आमच्या वर्कशॉपात दोन गोष्टी साठतात, भंगार आणि किस्से. भंगार महिन्यातून एकदा टेम्पो येऊन घेऊन जातो. किस्से कोण नेणार? ते तिथंच पडून राहतात, आणि दुपारी डबे उघडले की कुणीतरी त्यातला एखादा उचलून धूळ झटकतं. परवा मैत्रिणींना दोन सांगितले तर म्हणाल्या, लिहून ठेव. म्हणून हे.

आधी माणसं सांगते. वर्कशॉप लातूरच्या एमआयडीसीत. शेतीची छोटी अवजारं आणि डाळी-शेंगांच्या घरगुती मशिनी आम्ही बनवतो. मालक बसवराज अप्पा. फिटिंग आणि वेल्डिंग मेहबूब चाचांकडे, वर्कशॉप उघडल्या दिवसापासून. जुळणी सुनंदाताई करतात, रोज रेणापूरहून एसटीनं येतात. आणि डिझाइन माझ्याकडं. मी मूळची नायगावची, इंजिनिअरिंग नांदेडला केलं. इथं मला सगळे म्याडम म्हणतात.

*

माझं पहिलं काम सायकल कोळप्याचं होतं. पुढं सायकलचं चाक, मागं लोखंडी पास म्हणजे आडवं पातं, हँडल धरून ढकलत गेलं की ओळींमधलं तण निघतं. बायकांची तक्रार एकच, जड जातंय.

मी पाइप पातळ केला. वजन तीन किलो उतरलं. तक्रार तीच. चाक बदललं, बेअरिंग टाकलं. तक्रार तीच. मी वजनाचा तक्ता करून भिंतीवर लावला. अप्पा तक्ता वाचून म्हणाले, "आता काय कागदाचं कोळपं करता का म्याडम?"

शेवटी सुनंदाताईंनी विचारलं, "तुम्ही कोणाला ढकलताना बघितलंय का?"

बघितलं नव्हतं. त्यांच्यासोबत रेणापूरला गेले. त्यांच्या जाऊबाई सोयाबीनमध्ये कोळपत होत्या. हँडल त्यांच्या छातीला आलेलं. दोन्ही हात वर उचलून त्या ढकलत होत्या, जसं काही कपाट सरकवून राहिल्यात. वजनाचा काही संबंधच नव्हता.

परत येऊन चाचांना विचारलं, "हँडलची उंची कुठून घेतली होती?"

चाचा उठले, कोळप्यामागं उभे राहिले, कोपरं वाकवून हँडल धरलं. "जहाँ मेरा हाथ आया, वहाँ वेल्डिंग मारा."

चाचा सहा फुटांच्या वर आहेत.

हँडलला तीन भोकं पाडली, पिन काढून वरखाली करता येईल असं केलं. तक्रारी थांबल्या. अप्पांनी पिन काढून हँडल खाली-वर करून बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे इतकी वर्षं आख्खा तालुका चाचांच्या उंचीनं कोळपत होता."

*

नंतर नायगावच्या बचत गटाची मागणी आली. शेंगा फोडायची मशीन हवी, पण दाणे बियाण्याचे. आमच्या मशिनीत निम्मे दाणे तुटायचे. खायला चालतात, पेरायला नाही. माझ्याच गावच्या बायका, त्यांना नाही कसं म्हणणार?

आम्ही दाते बारीक केले, वेग कमी केला, जाळी बदलली. दाणे तुटतच राहिले. मला कॉलेजात शिकवलेलं आठवलं. एखादा शब्द डोक्यात बसला की डोकं त्याच रस्त्यानं जातं, म्हणून तो शब्दच वापरायचा नाही. मी म्हणाले, "आपण सारखं फोडायची, फोडायची म्हणतो. म्हणून आपल्याला फोडणारी वस्तूच सुचते."

अप्पांना हे पटलं. त्यांनी खडूनं फळ्यावर लिहिलं, 'फोडणे बंद.' जो बोलेल त्यानं सगळ्यांचा चहा करायचा. दुपारपर्यंत चाचांनी तीनदा चहा केला.

चौथा चहा पिता पिता सुनंदाताई म्हणाल्या, "बियाण्याच्या शेंगा आम्ही घरी चोळतो की. गोणपाटावर."

चोळतो. एवढा सोपा शब्द कुणाच्या तोंडात आला नव्हता. लोखंडी दाते काढले, जुन्या टायरचं रबर बसवलं, शेंगा चोळल्या जायला लागल्या. दाणे साबूत बाहेर. पेरलेले उगवले म्हणून नायगावहून निरोपही आला.

पहिली मशीन पाठवायच्या दिवशी अप्पांनी हार घातला, उदबत्ती लावली, नारळ चाचांच्या हातात दिला. तोंड उघडलं, फळ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "चाचा, नारळ मोकळा करा."

*

डाळीच्या मशिनीतल्या ड्रमची कथा निराळी. ड्रम रिकामा केला तरी तळाशी मूठभर डाळ उरायची. मग तुरीत हरभरा, हरभऱ्यात मूग. ब्रश लावून बघितला, पंखा लावून बघितला, खाली दार केलं. डाळ काही हलेना.

मी म्हणाले, चांगल्या आयडिया संपल्यात, आता प्रत्येकानं सगळ्यात वाईट आयडिया सांगायची. त्यातूनही कधी कधी वाट निघते. अप्पा लगेच म्हणाले, "ड्रमचा तळच कापून टाका." चाचांकडून एकही आयडिया येईना. दुसऱ्या दिवशीही नाही. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. "चाचा, वाईटच सांगायचंय. काहीही चालेल."

त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. "म्याडम, चालीस साल में खराब काम सीखाच नै. एकदम कां से लाऊँ?"

त्यांना खरंच वाईट वाटून राहिलं होतं. परीक्षेत कोरा पेपर दिल्यासारखा चेहरा.

तेवढ्यात सुनंदाताई म्हणाल्या, "माझी घ्या. मशीन उचलायची आणि पातेल्यासारखी पालथी करायची." आम्ही हसलो. चाचा हसले नाहीत. ते जमिनीवर बसले, खडूनं ड्रम काढला, त्याच्या दोन्ही बाजूंना पिनांचे दोन गोल काढले. दोन दिवसांत ड्रम त्या दोन पिनांवर झुलायला लागला. एका हातानं ढकलला की पालथा, एक दाणा उरत नाही.

गिऱ्हाइकानं विचारलं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं? चाचांनी सुनंदाताईंकडं बोट केलं. "खराब आयडिया इनकी. काम मेरा."

*

माझी स्वतःची फजिती राहिलीच. वरती काच, आत जाळ्यांचे तीन खण, अशी भाजी वाळवायची पेटी मी केली होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझी. ती फारशी कुणी घेतली नाही. सुनंदाताईंच्या शेजारच्या काशीबाईंनी मात्र घेतली, आणि सहा महिन्यांत एकही तक्रार आली नाही. मला वाटलं, चला, एका घरात तरी माझं डिझाइन समजलं.

कौतुकानं बघायला गेले. पेटी अंगणात सकाळच्या उन्हात ठेवलेली, झाकण बोटभर उघडं. आत कोंबडीची पिल्लं.

"लई ग्वाड पेटी हाय," काशीबाई म्हणाल्या. "यंदा थंडीनं एक पिल्लू गेलं न्हाई."

"आणि भाजी?"

"भाजी काय, पत्र्यावर वाळती की." मग जरा जवळ येऊन म्हणाल्या, "अजून एक पायजे बघा. फकस्त त्या मधल्या जाळ्या काढा. पिल्लांचे पाय अडकतात."

येताना एसटीत सुनंदाताई सगळी वाट खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. आवाज काही नव्हता, खांदे तेवढे हलत होते. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि यादीत माझ्या पेटीचं नाव बदलून 'पिल्लांची ऊबपेटी' केलं. आता ती आमच्याकडं सगळ्यात जास्त खपते.

*

हा शेवटचा मी डब्याच्या वेळी सांगत नाही.

गेल्या वर्षी चाचांचा हात थरथरायला लागला. आधी मला ड्रिलची भोकं दिसली, मिलिमीटरभर सरकलेली. चाचा तसे तुकडे गुपचूप बाजूला टाकायचे आणि जेवण सोडून पुन्हा करायचे. अप्पांनी त्यांना कधीच काढलं नसतं. पण आपला हात लोकांना दिसला हे कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी चाचाच आले नसते. ते गेले असते तर वर्कशॉप कसलं राहिलं असतं?

मी कितीतरी दिवस त्या हाताचाच विचार करत होते. मनगटाला पट्टा, वजनाचं कडं, टेकवायला आधार. कागदावर नुसते हातच हात. सुनंदाताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हात कशाला धरता? लोखंड धरा की."

मग जाड पोलादाची एक चौकट केली. तुकडा आत बसतो, आणि वरच्या नळीतूनच ड्रिल खाली उतरतं. हात कितीही हलला तरी भोक जागेवरच पडतं. मी चाचांना म्हणाले, "नवीन माणसं घ्यायची आहेत, त्यांच्यासाठी केलंय. तुम्ही जरा वापरून सांगा."

आठवडाभर एकही तुकडा बाजूला पडला नाही. चाचा जेवायला वेळेवर बसायला लागले. एक दिवस अप्पा बाहेर गेले होते तेव्हा त्यांनी मला बोलावलं.

"ये मेरे हाथ के वास्ते बनाए ना, बेटा?"

इतक्या वर्षांत ते मला कधी बेटा म्हणाले नव्हते. मी मान हलवली.

"अच्छा बनाए," ते म्हणाले. "इधर आओ."

ते मला अप्पांच्या टेबलाशी घेऊन गेले. अप्पांची मोजायची स्टीलची पट्टी उचलून माझ्या हातात दिली. "उंगली फिराओ."

मी कडेवरून बोट फिरवलं. दर सेंटीमीटरला एक बारीक खाच होती, पाचव्याला जरा खोल. तिकोनी कानशीनं केलेली, इतकी नाजूक की नुसतं बघून कळू नये.

"दो साल से उनकू बारीक दिखता नै. चश्मा लगाते नै. मैं बोला पुरानी पट्टी गुम गई, और ये रख दिया."

"अप्पांना माहीत आहे?"

"कायकू बोलना?" चाचांनी पट्टी जशी होती तशी सरळ ठेवली आणि ते आपल्या ड्रिलकडं गेले.

थोड्या वेळानं अप्पा आले. खुर्चीत बसले, एक पाइप ओढून घेतला आणि पट्टी लावली. माझ्याशी बोलता बोलता त्यांचा अंगठा कडेवरून सावकाश सरकत गेला, एका जागी थांबला, तिथं त्यांनी खडूची खूण केली. खूण बरोबर होती.

मग त्यांनी चाचांकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"म्याडम, एक सांगतो, कोणापाशी बोलू नका. चाचांच्या हाताकडं जरा ध्यान ठेवा. वय झालंय त्यांचं."