नाण्यावरची साय

भिंगकाका नाण्याकडे बघायच्या आधी ते आणणाऱ्याच्या बोटांकडे बघायचे. नखांत राख अडकलेली दिसली, बोटांना चिंचेचा वास आला की त्यांचा चेहरा पडायचा. "घासलंत?" एवढंच विचारायचे. समोरचा मोठ्या उत्साहाने सांगायचा, हो तर, चिंच-मीठ लावून लख्ख करून आणलंय, नाहीतर तुम्हाला अक्षरं दिसणार कशी! मग काका डोळ्यावरचं भिंग काढून ठेवायचे आणि पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवायचे. तो ग्लास म्हणजे वाईट बातमी, हे आम्ही शेजारचे ओळखून होतो.

पनवेलला उरण नाक्याजवळ त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल आणि एक माणूस मावेल एवढा गाळा. त्याला लागून माझं झेरॉक्सचं आणि फोनचं दुकान. मोबाइल आले तशी लोकांच्या मनगटावरची घड्याळं उतरली, आणि माझ्या एसटीडी बूथवरही माशा बसायला लागल्या. मी इंटरनेट घेऊन वेळ निभावून नेली. काकांकडे मात्र दिवसाला दोन-तीन सेल बदलायचे, एवढंच काम उरलं. उलट नाणी दाखवायला येणाऱ्यांची रीघ वाढली, कारण गावोगावची जुनी घरं पाडून इमारती उठत होत्या आणि माळ्यावरच्या डब्यांतून काहीबाही निघत होतं. सुकापूरहून, ओव्याहून, नेऱ्याहून माणसं यायची आणि टेबलावर पुरचुंडी सोडायची. या कामाचे काका पैसे घेत नसत, आणि ती नाणी स्वतः विकतही घेत नसत. भाव सांगणारा आणि घेणारा एकच असला की त्याची जीभ आपोआप खालच्या आकड्यावर जाते, असं त्यांचं म्हणणं होतं.

विकायच्या आधी किंमत समजून घ्या, हा त्यांचा मंत्र. तोही नुसता सांगून थांबायचे नाहीत, माणसाला कामाला लावायचे. आधी सराफाकडे जाऊन वजन करून या. चांदीचा भाव हा तळ, त्याच्याखाली कोणी मागितलं तर उठून चालू लागा. मग तीन दुकानं फिरा, आणि तुमच्या मनातला आकडा कुठेही ओठांवर येऊ देऊ नका. एकदा मी इंटरनेटवरून एक पान छापून त्यांना दिलं. त्यात ट्रॅक्टरचं चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नोटेला कोणीतरी लाखभर रुपये मागितले होते. ते वाचून काका खोकला येईपर्यंत हसले. "ही मागणाऱ्याची इच्छा आहे, पोरी. विकली कितीला गेली ते काढ." तेव्हापासून मी लिलावांचे निकाल शोधून त्यांना छापून द्यायला लागले, आणि त्या नादात मलाही चार गोष्टी कळायला लागल्या.

गोड बोलणं त्यांना जमत नसे. उरणकडची एक कोळीण एकदा गळ्यातली रुपयांची माळ घेऊन आली. चांगली ठसठशीत बाई, बसल्या बसल्या तिने माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही गप्प केलं. काकांनी एकेक रुपया कडेने धरून पाहिला आणि सांगून टाकलं, की प्रत्येक रुपयाला डाक देऊन कडी जोडलेली आहे, तेव्हा चांदीच्या भावापलीकडे कोणी छदाम देणार नाही. बाई भडकली. "तुला डोलं हायती का बटनं? मी नाय इकत. नातीच्या गल्यान घालीन." तरातरा निघून गेली. मी काकांना म्हटलं, जरा सांभाळून सांगायचं होतं. ते म्हणाले, "खरं ऐकून ती संध्याकाळपर्यंत रागावेल. खोटं ऐकून दारोदार हिंडली असती." माझ्या सासूबाईंच्या चार रुपयांनाही त्यांनी असाच निकाल दिला होता, त्यामुळे मला ते पटायला जड गेलं नाही.

त्यांची स्वतःची नाणी घरी एका लाकडी पेटीत होती. तिच्यात घड्याळांच्या सुट्या भागांसाठी असतात तसे बारीक कप्पे होते. चाळीस वर्षं एकेक करून जमवलेली नाणी. बहुतेक तांब्याच्या शिवराया, पिकल्या जांभळासारख्या काळसर, आणि दहा-बारा चांदीचे रुपये, कधी बाजारात न फिरलेले. नाण्यावर वर्षानुवर्षं जो रंग चढतो त्याला काका साय म्हणत. हौशी माणूस पैसे मोजतो ते या सायीचे, ती एकदा काढली की पुन्हा धरत नाही, हे मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं असेल. मूलबाळ नव्हतं. ती पेटी म्हणजे त्यांच्या मते काकूंची पेन्शन होती.

काकूंचा त्या पेटीवर राग होता. दर लक्ष्मीपूजनाला त्या म्हणत, घरात एवढी लक्ष्मी आहे, चौरंगावर मांडू द्या. काका म्हणत, मांड, पण धुवायची नाहीत. न धुता देवापुढे काही ठेवायची काकूंची तयारी नसे. मग त्या बँकेतून आणलेली नवी नाणी मांडत आणि दोन दिवस अबोला धरत. आम्हाला दरवर्षी ही करमणूक होती.

मग काकांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, बायपास करावी लागेल, आणि लवकर. काकांनी क्षणभरही घोळ घातला नाही. नाणी विकायची ठरवली. मुंबईचा एक जाणकार व्यापारी येऊन पेटी बघून गेला, लिलावाचे आकडे मी काढून दिले, आणि दोन्ही हिशेब जुळले. ऑपरेशन होऊन वर काही उरलं असतं. व्यापारी दिवाळी झाली की पैसे घेऊन येणार होता. त्याच आठवड्यात काकांना पुन्हा त्रास झाला आणि ऐन दिवाळीत इस्पितळात ठेवावं लागलं.

पाडव्याच्या सकाळी मी फराळाचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेले. काकूंनी माझा हात धरून मला देवापाशी नेलं. चौरंगावर नाणी मांडली होती. सगळी. शिवराया नव्या वाटीसारख्या तांबूस चकचकीत, रुपये पांढरेफटक, प्रत्येकावर हळदकुंकवाचं बोट. "चाळीस वर्षं ह्यांनी लक्ष्मीला काळ्या तोंडाने कोंडून ठेवलं. म्हणून हे दुखणं आलं गं. रात्रभर बसून घासली." त्यांच्या बोटांची सालं निघाली होती. मी म्हटलं, छान दिसतात. दुसरं काय म्हणणार होते?

काका भाऊबीजेला घरी आले. काकूंनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि कौतुकाने पेटी उघडून मांडीवर ठेवली. ते बघत राहिले. मी दारात उभी होते, मला वाटलं यांना इथेच काहीतरी होणार. त्यांनी एक शिवराई उचलली, उलटून पाहिली, पुन्हा कप्प्यात ठेवली. मग म्हणाले, "छान झाली गं. डोळे दिपले." नाण्याबद्दल त्यांनी खोटं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

ठरल्याप्रमाणे व्यापारी आला, तेव्हा मीही तिथे होते. काकू स्वयंपाकघरात चहा ठेवत होत्या. त्याने पेटी उघडली आणि लगेच मिटली. भला माणूस होता. हळू आवाजात त्याने जो आकडा सांगितला, त्यात इस्पितळाच्या खोलीचं भाडंही निघालं नसतं. तो चहासाठी थांबलासुद्धा नाही. थोड्या वेळाने काकू कप घेऊन आल्या. काका त्यांना म्हणाले, भाव ठरल्यापेक्षा जास्त येत होता, पण ऐन वेळी माझाच जीव होईना द्यायला, आणि डॉक्टरही आता म्हणतायत की गोळ्यांवर भागेल. काकू पटकन म्हणाल्या, बरं झालं, पुजलेली लक्ष्मी कशाला विकायची. चहा पार निवला होता.

मी दुसऱ्या दिवशी दुकानात काकांशी कडाकडा भांडले. म्हटलं, आपण पैसे उभे करू, अख्खा बाजार देईल. ते ऐकेनात. "वर्गणी काढलीस की ती विचारणार, नाण्यांचे का नाही आले. माझ्यासाठीच घासली ना तिने? ते तिच्या डोक्यावर ठेवून मी जगून काय करू?" सरकारी इस्पितळात त्यांनी नाव घातलं होतं, तिथे नंबर लागेल म्हणाले. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला आजही चीड येते, आणि काकांची तर जास्तच येते. नंबर लागायच्या आत, होळीच्या आदल्या सकाळी, दुकानाचं शटर वर करता करता ते खाली बसले ते उठलेच नाहीत. मी चार पावलांवर होते.

वर्षश्राद्ध झाल्यावर काकू पेटी घेऊन माझ्या दुकानात आल्या. त्या बहिणीकडे राहायला निघाल्या होत्या. म्हणाल्या, तुला ह्यांनी शिकवलंय, किंमत सांग. मी उगाच पेटी उघडून एकेक नाणं बघायला लागले. त्यांच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं.

"तो माणूस आला होता ना, तेव्हा चहा घेऊन मी दाराशीच उभी होते," काकू म्हणाल्या. "सगळं ऐकलं. ह्यांना वाटत होतं मला कळलं नाही. त्या समजुतीवरच ते चार महिने हसतखेळत होते. मग मी कळू दिलं नाही."

बाहेर कोणीतरी झेरॉक्ससाठी उभं होतं, त्याला मी हातानेच नंतर या म्हटलं.

"एकच सांग. मी घासली नसती तर ऑपरेशन झालं असतं ना?"

मी म्हटलं, "नाही काकू. तेवढे नसतेच आले."

काकूंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागावल्या नाहीत. माझ्या हातातलं नाणं काढून घेऊन त्यांनी कप्प्यात ठेवलं आणि पेटीचं झाकण लावलं.

"तुम्हा दोघांनाही खोटं बोलता येत नाही," त्या म्हणाल्या.