श्यामला, तिची गाडी आणि एमराल्डचं तळं

श्यामला गाडी चालवायला शिकली ती नवरा गेल्यावर, पासष्टीच्या पुढे. चंद्रकांत असताना ती डावीकडच्या सीटवर बसून त्याला संत्री सोलून देत असे. गाडीशी तिचा तेवढाच संबंध. तो गेला आणि गाडी तळघरात कव्हर घालून उभी राहिली. बॅटरी उतरू नये म्हणून ही दर आठवड्याला खाली जाऊन इंजिन चालू करायची, बंद करायची आणि वर यायची. एके दिवशी तिला वाटलं, जागच्या जागी धूर काढण्यापेक्षा बंगळुरूच्या शिवाजीनगरहून भाजी आणावी. झालं. लावली शिकवणी.

शिकवणारे अण्णा फारसे बोलत नसत. ‘स्वल्प क्लच, अक्का, स्वल्प,’ एवढंच. बाकीचं तिला बंगळुरूने शिकवलं. सिल्क बोर्डच्या उड्डाणपुलाच्या चढावर पुढे बस, मागे रिक्षा, अशा कोंडीत गाडी तसूभरही मागे न जाऊ देता ती धरून ठेवायची. मी, तिची जुनी मैत्रीण, शेजारच्या सीटवर निवांत शब्दकोडं सोडवत बसायची. चौथा गिअर मात्र तिने कधी टाकलाच नव्हता. या शहरात टाकणार कुठे?

तिचा मुलगा क्षितिज महादेवपुऱ्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत. गुणी आहे, पण आईची काळजी घेणं म्हणजे तिला बसवून ठेवणं, अशी त्याची समजूत. त्याने जाहीर केलं की आता गाडी विकायची. फोनवर बोट ठेवलं की टॅक्सी दारात येते. (येते. आधी दोघं-तिघं येत नाहीत, हे तो सांगत नाही.) काही दिवसांनी श्यामलाने अट घातली. नीलगिरीत उटीजवळ एमराल्डचं तळं आहे, तिथे याच गाडीने जायचं, चालवणार ती. नीट जाऊन आली तर गाडी राहील. वाटेत फजिती झाली तर खुशाल विका. क्षितिज कबूल झाला, पण वाटेतला कल्हट्टीचा खडा घाट तो चालवणार या बोलीवर.

मी मागे बसले, मांडीवर दडप्या पोह्यांचा डबा आणि पायाशी संत्र्यांची पिशवी घेऊन.

म्हैसूरचा रस्ता मोकळा लागला आणि बाईंची पंचाईत झाली. गाडी तिसऱ्यात किंचाळतेय, दुधाचे टँकर आम्हाला मागे टाकून जाताहेत, आणि क्षितिज आपल्या पायाखाली नसलेला अ‍ॅक्सिलरेटर दाबतोय.

“आई, चौथा टाक.”

“असू दे. ओळख नाही त्याची माझी.”

मंड्याच्या पुढे तो म्हणाला की गाडी विकायचं ठरवलं तेच बरोबर होतं. बंदीपूरच्या जंगलात रस्त्याकडेला हरणं उभी होती, श्यामलाने मानही वळवली नाही.

मसिनगुडीनंतर घाट लागला. ठरल्याप्रमाणे क्षितिज स्टिअरिंगवर बसला. आता त्याची स्वतःची गाडी ऑटोमॅटिक. क्लचला त्याचा पाय लागून वर्षं लोटली होती. हे त्याने सांगितलं नाही आणि आम्हाला विचारायचं सुचलं नाही. तिसऱ्या वळणावर गाडी बंद पडली. चालू केली, हिसका देऊन पुन्हा बंद, आणि हळूहळू मागे सरकायला लागली. मागची बस बोंबलू लागली. क्षितिजने हँडब्रेक ओढला. त्याचे कान लाल झाले होते. मी तर उतरून चालत जायच्या बेतात होते.

श्यामला मात्र उतरली, गाडीला वळसा घालून आली आणि त्याच्या काचेवर टकटक केलं.

“सरक.”

“आई, चढ बघ किती आहे.”

“सिल्क बोर्डच्या पुलासारखाच आहे. झाडं जास्त, एवढंच.”

मग ती पुटपुटत निघाली. ‘स्वल्प, स्वल्प.’ पहिला, दुसरा, पुन्हा पहिला. एकेक वळण मागे पडत गेलं. एका ठिकाणी समोरून येणारी लॉरी अडकली, तर ही त्या चढावर लाल दिव्यापाशी थांबावं तशी थांबली आणि क्षितिजला म्हणाली, “संत्रं सोल.” त्याने सोललं. शिरा काढून, एकेक फोड हातात दिली.

एमराल्डचं तळं म्हणजे धरणाचं पाणी. जाहिरातवाले त्याला स्वित्झर्लंड म्हणतात, म्हणोत. श्यामलाने काठाशी इंजिन बंद केलं आणि कानांना एकदम हलकं वाटलं. पाणी हलत नव्हतं. पलीकडची झाडं त्यात उलटी उभी होती. दूर चहाच्या मळ्यात कोणीतरी खोकलं, तेही इथवर ऐकू आलं. आम्ही पोहे खाल्ले. मीसुद्धा बोलले नाही, यावरून काय ते समजा.

क्षितिज उठला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि वाकून चाकाकडे पाहिलं.

“आई, टायर गुळगुळीत झालेत. परत गेल्यावर बदलून घेऊ.”

श्यामलाने डब्यातले उरलेले पोहे त्याच्याकडे सरकवले.

रात्र उटीत काढून सकाळी निघालो, तेव्हा क्षितिज आपणहून मागे बसला आणि झोपला. पुढची सीट मला मिळाली. म्हैसूर सोडल्यावर श्यामलाने एकदा आरशात पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि चौथा टाकला. गाडीची किंकाळी थांबली. तिने दचकून माझ्याकडे पाहिलं, जणू मीच काहीतरी बंद केलं होतं.