किडकी वांगी निवडणारे भाऊजी

अख्ख्या परभणी जिल्ह्यात किडकी वांगी मुद्दाम निवडून घेणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो आपल्या घरातला होता. तुमच्या आजोबांचे धाकटे मावसभाऊ. पेडगावला त्यांची शेती होती, म्हणून मी त्यांना पेडगावचे भाऊजी म्हणत असे. परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, की तिकडे महागाची सेंद्रिय भाजी मिळते, ती खाऊन तब्येतीला खरंच फायदा होतो का. मी 'लिहून कळवते' म्हणाले, कारण हा प्रश्न आला की मला भाऊजी आठवतात, आणि भाऊजी फोनवर मावत नाहीत.

सेंद्रिय हा शब्द तेव्हा आमच्याकडे कोणी ऐकला नव्हता. फवारणी नवी होती, पिकं तरारून यायची, लोक तिच्यावर खूश होते. भाऊजी एकटे उलट्या दिशेने चाललेले. मानवतच्या बाजारात ते एकेक वांगं उचलून उजेडाकडे धरत आणि त्यात भोक दिसलं की त्यांचा चेहरा खुले. "वहिनी, ही अळी हे खाऊन जित्ती हाय. म्हंजी मी बी राहीन!" भाजीवाल्या काही कमी नव्हत्या. दिवसभराचा किडका माल त्या पोत्याखाली झाकून ठेवत आणि भाऊजी दिसले की हाक मारत, "या, किडकं भाऊ, तुमच्यासाठी खास ठिवलंय!" भाऊजी तो माल चांगल्याच्या भावाने घेत, आणि वर त्यांचे आभार मानत.

संकरित ज्वारीचा तर त्यांना असा तिटकारा, की 'हायब्रीड' ही त्यांची सगळ्यात मोठी शिवी होती. चढावर बंद पडलेली एसटी हायब्रीड, निवडून आल्यावर तोंड न दाखवणारा पुढारी हायब्रीड. तुमचे बाबा लहानपणी सारखे शिंकायचे, तेव्हा त्यांच्याकडे दुःखाने बघत म्हणाले होते, "पोरगं हायब्रीड निघालं, वहिनी." लग्नाला जाताना ते स्वतःची भाकरी फडक्यात बांधून नेत. माझ्या पुतणीच्या लग्नात वाढपी बुंदी घेऊन आला, तर पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरून त्यांनी साऱ्या पंगतीला ऐकू जाईल असं विचारलं, "ह्या हरभऱ्यावर काय मारलं व्हतं?" बुंदीत विष आहे असं समजून वरबापाने हातातला घास खाली ठेवला. सोयरीक मोडता मोडता राहिली.

पण माणूस मायेचा. विद्यापीठाच्या नामांतरावरून जिल्हा पेटला होता, एसट्या बंद होत्या, कुणाचं घर जाळलं ते लोक दबक्या आवाजात एकमेकांना सांगत होते, त्या दिवसांत भाऊजी पेडगावहून चालत परभणीला आमच्या दारात उभे राहिले. "तुमची खबर घ्याया आलो," म्हणाले, आणि खांद्यावरची पिठाची पिशवी माझ्या हातात दिली. त्या दिवसांतही आम्ही हायब्रीड खाऊ नये, ही काळजी होतीच.

हे सगळं शुद्ध अन्न ताटात येई ते मात्र भाऊजींच्या बायकोच्या, म्हणजे माझ्या धाकट्या जाऊच्या हातून. धान्याला पावडर लावायची नाही, त्यामुळे त्यात सोंडे किडे होत. ती ते उन्हात घाली, पाखडी, निवडी, परत राख आणि कडुलिंबाचा पाला घालून भरून ठेवी. घर शेतातच होतं आणि बांधापलीकडे दुसऱ्याचा कापूस. तिथे फवारा सुरू झाला की त्याचा उग्र वास घरात येई. शिजत्या अन्नावर विष बसू नये म्हणून भाऊजींनी स्वयंपाकघराचा झरोका ओल्या पोत्याने बुजवला. आधी फवाऱ्याच्या दिवसापुरता, मग कायमचा. आत तुरीच्या-कापसाच्या वाळक्या काड्यांवर, तुराट्या-पऱ्हाट्यांवर, चूल पेटलेली. मी पाच मिनिटांत डोळे पुसत बाहेर येई, ती तिथेच भाकरी थापत बसलेली असे. गॅस घ्या म्हटलं, तर भाऊजी म्हणत, "गॅसवरची भाकर फुगती, पर तिच्यात जीव नसतो." झरोका तरी उघडा म्हटलं, तर हसून म्हणत, "वहिनी, धूर लाकडाचा हाय. लाकूड काय इखारी असतंय का?"

आतून जाऊ म्हणे, "जाऊबाई, ऱ्हाऊ द्या. मी ऊद घातलेल्या देवावानी बसलेय. नवस बोलायचा आसंल तर बोलून घ्या." आणि हसता हसता खोकत राही.

तो खोकला थांबेना, तेव्हा भाऊजींना वाटलं, खाण्यातच कुठेतरी खोट राहिली. त्यांनी बाजारची चहापत्ती बंद केली, मग साखर, मग दुकानचं मीठ चाळून बघू लागले. अडुळसा झाला, हळद झाली. शेवटी तिला अंगण ओलांडतानाही दम लागू लागला, तेव्हा तिला परभणीला आमच्याकडे घेऊन आले.

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीशी धरला आणि विचारलं, "बाई, बिड्या किती वर्षं ओढता?"

तिला राग आला, पण रागवायला श्वास पुरेना. "मी न्हाई वढत, डॉक्टरसाहेब. आमची चूल वढती."

डॉक्टर हसले. मग घर कसं, चूल कुठे, खिडकी किती, असं एकेक विचारत गेले आणि त्यांचं हसू मावळलं. भाऊजींना म्हणाले, "अन्न तुमचं चांगलं असेल. पण ह्यांनी जन्मभर धूर खाल्लाय. ही फुप्फुसं आता परत पहिल्यासारखी व्हायची नाहीत. उरलंय तेवढं जपा."

 तिला आमच्याकडे ठेवून भाऊजी त्याच दिवशी पेडगावला गेले, झरोक्यातलं पोतं उपसून काढलं आणि पहार घेऊन ती भिंतच फोडली. चूल अंगणात मांडली आणि स्वतः भाकरी थापायला शिकले. पुढे तिला घरी नेल्यावर मी पेडगावला भेटायला गेले तेव्हा जाऊ बाजेवर उशांना टेकून बसली होती. माझ्या हाताला धरून म्हणाली, "इचारा की त्यांला, ही भाकर हाय का गवरी?"

"गप खा," भाऊजी चुलीपुढून ओरडले. "हात भाजलेत माजे."

तिने ती करपलेली भाकरी थांबत थांबत, दम खात, अर्धी संपवली. नवी ज्वारी घरात यायच्या आत ती गेली.

त्यानंतर एकदाच भाऊजी माझ्याशी त्याबद्दल बोलले. मी म्हटलं, "तुम्ही काही मुद्दाम केलं नाही."  "वांगं वांगं तपासलं, वहिनी," ते म्हणाले. "तिला एक डाव इचारायचं तरी व्हतं, डोळे झोंबत्यात का म्हून."

तर मुलांनो, चांगल्या अन्नाचा फायदा होत असावा. परवडत असेल तर जरूर घ्या. भाऊजींना तो झालेला मी पाहिला. पुढे कितीतरी वर्षं ते ताठ चालायचे, चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायचे आणि त्यांचे सगळे दात शाबूत होते. लग्नाकार्यात कुणी ना कुणी म्हणायचंच, "काय तब्येत राखलीय हो तुमी!" तसं म्हटलं की भाऊजी खाली बघायचे, आणि उपरण्याचं टोक तोंडापुढे धरून ते दात झाकून घ्यायचे.