पाणी सोडणाऱ्याच्या मागावर

आमच्या मुकुंदवाडीतल्या गल्लीत नळाला पाणी रोज येत नाही. पाण्याचा दिवस ठरलेला असतो, पण वेळ कुणालाच ठाऊक नसते. म्हणून सासूबाईंचा एक कायदा होता: पाण्याच्या दिवशी सुनेनं भाजीवाल्यापलीकडं जायचं नाही. या कायद्यापायी मी दोन लग्नं, एक बारसं आणि मैत्रिणीच्या घरच्या पुरणपोळ्या गमावल्या. पुरणपोळ्यांचा राग अजून गेलेला नाही.

चाळिशीत मी बाहेरून बी.ए.ला बसले. शेवटचा पेपर उस्मानपुऱ्यात, अकरा ते दोन, आणि बोटांवर मोजून पाहिलं तर नेमका पाण्याच्याच दिवशी!

"पेपर काय, पुढच्या सालीबी येतो. पाणी थांबतंय व्हय?" सासूबाई म्हणाल्या. नवऱ्यानं मोबाईलमध्ये डोकं घातलं.

मला एक खोड आहे. कुणालाच ठाऊक नाही, असं कुणी म्हटलं की मला ते खरंच वाटत नाही. निदान पाणी सोडणाऱ्याला तरी ठाऊक असणारच की! मग दर पाण्याच्या दिवशी मी कोथिंबीर आणायच्या निमित्तानं सटकू लागले आणि लांबलचक लोखंडी चावी घेऊन व्हॉल्व्ह फिरवत जाणाऱ्या चाचांच्या मागं मागं हिंडू लागले. तिसऱ्या खेपेला ते थांबलेच.

"भाभी, तीन बार झालं, कोथिंबीर घेऊन माझ्या मागं फिरताय. काय पायजे?"

"पाण्याचं गणित शिकायचंय."

चाचा हसले. "लोकं शिव्या देतात. इचारलं कुणीच नाय आजवर."

गणित अगदी सोपं निघालं. गल्ल्या पाच, सुरुवात सकाळी सातला, प्रत्येक गल्लीला दीड तास. पण एकदा स्टेशनच्या बाजूनं सुरू करायचं, तर पुढच्या वेळी उलट्या बाजूनं. "नाहीतर शेवटच्या गल्लीवर जुलूम होतो ना!" म्हणजे आमची गल्ली एकदा दुसरी, एकदा चौथी. पाणी एकदा साडेआठला, एकदा साडेअकराला. आणि अख्खी गल्ली इतकी वर्षं नशिबाला बोल लावत होती!

पेपरच्या दिवशी पाळी साडेअकराची होती. मग मी नवऱ्याला नळाचं पाणी खेचायची मोटर शिकवायला घेतली. कंपनीत भली मोठी यंत्रं चालवणारा हा माणूस घरच्या मोटरीत तांब्याभर पाणी ओतायला घाबरत होता. दोन दिवस लागले.

त्या दिवशी सासूबाई आठपासूनच नळाशी पाटावर बसल्या. मागच्या खेपेला साडेआठला आलं होतं ना! साडेआठ वाजले, नऊ वाजले, नळ कोरडाच. दहाला मी पर्स उचलली.

"आलंच नाय तर?"

"साडेअकराला आलं नाही, तर पुस्तकं रद्दीत घालते."

बोलले खरी तोऱ्यात, पण रिक्षात बसल्यावर तोरा उतरला. पाणी चुकलं असतं तर पेपर देऊनही मी घरात हरले असते. पुन्हा शिकायचं नाव काढायची सोय उरली नसती. पहिला प्रश्न कसा लिहिला ते आठवत नाही.

दोन वाजता फोन सुरू केला. नवऱ्याचे सात मिस्ड कॉल, सगळे साडेअकराच्या आतले. खाली एक मेसेज: 'आलं. ११.३५. पाच मिनिटं लेट.' मी भर रस्त्यात मोठ्यानं हसले. तक्रार करावी ती या माणसानंच!

घरी आले तर पिंपं काठोकाठ भरलेली आणि नवरा ओली बनियन पिळत उभा. सासूबाई पाटावरच होत्या. पेपरचं त्यांनी काही विचारलं नाही.

"फुडच्या टायमाला कवा येणार गं पाणी?"

"साडेआठला."

त्या पाटावरून उठल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "मंग धाच्या यष्टीनं कन्नडला जाऊ का मी? भनीकडं. लई वर्सं झाली. पाण्याचा दिस मधी येतो म्हून मुक्कामाला गेलेच नाय."

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी त्यांना पहारेकरी समजत होते. त्याही माझ्यासारख्याच अडकून पडल्या होत्या, फक्त माझ्या आधीपासून.

"जा की," मी म्हटलं, "आणि पाण्यासाठी थांबू पण नका, पहाटेच्या गाडीनं जा. मोटर हे बघतील."