येळवशीला गाडी न नेता

१८ डिसेंबर, गुरुवार. सकाळी सव्वासहाला हडपसरहून निघालो. साडेबाराला नळदुर्ग. किल्ला पाहिला, जेवलो. साडेचारला लोहारा. अंधार पडायच्या आत सासुरवाडी. घरची गाडी पुण्यातच ठेवली होती.

मार्चपासून या ब्लॉगवर काही लिहिलं नाही. माझी पत्नी सुनंदा मार्चमध्ये गेली. ज्यांनी निरोप पाठवले त्यांना उत्तरं दिली नाहीत, त्याबद्दल क्षमस्व. आता परत आल्यावर लिहितोय, कारण हा प्रवास मला अगदी अनपेक्षितपणे आवडला. शिवाय शहरात स्वतःची गाडी ठेवावी की गरजेपुरती वाटून वापरावी, या प्रश्नात अडकलेल्या वाचकांना यातलं काही उपयोगी पडेल.

माझ्यापुरता प्रश्न असा होता. पाच सीटची पांढरी गाडी, नऊ वर्षांची. चालवायची बहुतेक सुनंदाच. माझं ऑफिस बसच्या वाटेवर. मार्चपासून गाडी तळमजल्यावर कव्हर घालून उभी होती. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी खाली जायचो, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचो आणि कुठेही न जाता वर यायचो. जानेवारीत विमा भरायचा होता. आमच्या गल्लीच्या टोकाला आता तासावर भाड्याने मिळणाऱ्या गाड्या उभ्या असतात. मोबाइलवरून दार उघडतं, काम झालं की तिथेच आणून लावायची. दोनदा वापरून पाहिली, काही अडलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी आमची गाडी विकत मागत होते आणि त्यांना रविवारी उत्तर द्यायचं होतं. कागदावर मांडलं तर विकणंच बरोबर दिसत होतं. तरी तोंडातून ‘हो’ निघत नव्हतं.

तेवढ्यात मेहुण्याचा, बालाजीचा फोन आला. वेळ अमावस्येला, म्हणजे तिकडच्या बोलीत येळवशीला, धाराशिव-लातूरकडे सगळं गाव रानात जेवायला जातं. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी उभारतात, तिच्यात पूजा करतात आणि वाटेवरच्या कोणालाही हाक मारून जेवायला बसवतात. सुनंदा दरवर्षी जायची, स्वतः गाडी चालवत. मला कंपनीतून सुट्टी मिळायची नाही, म्हणून मी एकदाही गेलो नव्हतो.

“दाजी, औंदा गोडधोड न्हाय करायचं आमी,” बालाजी म्हणाला. “पण रानातली पूजा चुकवता येत न्हाय. तुम्ही या.”

मी ‘येतो’ म्हणालो. आणि ठरवलं की तिच्याच रस्त्याने, तिच्या गाडीशिवाय जाऊन बघायचं. जमलं, तर विकायची.

पहिला टप्पा कारपूल. मोबाइलवर नळदुर्गपर्यंतची एक सीट घेतली. गाडी उमरग्याच्या एका तरुणाची, पुण्यात नोकरीला असलेला. मागे सोलापूरला उतरणारे एक काका आणि त्यांच्या मांडीवर मिठाईचा भलामोठा खोका. सव्वासहाशे रुपये पडले. घरच्या गाडीने एकट्याने गेलो असतो तर पेट्रोल आणि टोल मिळून याच्या चौपट तरी झाले असते. इंदापूरच्या पुढे चहाला थांबलो. मी सहसा अनोळखी माणसांशी बोलत नाही, पण काकांनी ती सोय ठेवली नाही.

“रोज अशी परकी माणसं गाडीत घेतोस. भीती न्हाय वाटत?” त्यांनी तरुणाला विचारलं.

“काका, परकी माणसं बरी. घरचे बसले की शेजारच्या सीटवरून ब्रेक मारतेत.”

काका इतके हसले की खोका पडता पडता वाचला. मीही हसलो. सोलापूरच्या पुढे मग आम्ही दोघंच उरलो. तो मुलगाही येळवशीलाच निघाला होता. सुट्टी मिळाली नसती तर राजीनामा टाकला असता म्हणाला, आणि ते फारसं थट्टेत नव्हतं. सुनंदा चालवत असताना मी इंदापूरपासून झोपायचो. या वेळी टक्क जागा राहून नळदुर्गपर्यंतचा सगळा रस्ता पहिल्यांदाच पाहिला. बोरामणीच्या पुढे ज्वारी निळसर हिरवी दिसायला लागते. मला एखाद्या सहलीला निघालेल्या शाळकरी मुलासारखं वाटत होतं, आणि त्याचं थोडं अपराधीही वाटत होतं.

नळदुर्गचा किल्ला चुकवू नका. दोन तास हाताशी ठेवा. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पाणी भिंतीला टेकलेलं, आणि आपण आत कोरडे उभे. नर-मादी धबधबे पाहायचे तर पावसाळ्यात यावं लागेल, डिसेंबरात ते वाहत नाहीत. उपळी बुरुजाच्या पायऱ्या चढताना गुडघे बोलतात, पण वरून दिसणारं रान पाहून मी तिथे पाऊण तास बसलो. खाली उतरल्यावर भाकरी, शेंगाचटणी आणि पिठलं. पोट भरलं आणि बिल इतकं कमी की दुसऱ्यांदा विचारावंसं वाटलं.

लोहाऱ्यापर्यंत एसटी मिळाली. पुढच्या आठ किलोमीटरना काळीपिवळी. पुणेकरांसाठी सांगतो, ही शेअर जीप. ती वेळेवर सुटत नाही, भरली की सुटते. मी घाईने विचारलं, “किती वेळ लागेल?”

ड्रायव्हरने आत बोट दाखवलं. “चार माणसं कमी हायेत. तुम्हीच बगा कुटं दिसतेत का.”

मी खरंच खाली उतरून बघू लागलो तेव्हा आतल्या बायका हसायला लागल्या.

गावात उतरलो तर बालाजी रस्त्यावरच उभा होता. त्याने माझ्या पाठीमागे पाहिलं. “गाडी कुटं लावली?”

“आणली नाही. काळीपिवळीनं आलो.”

“बरं बरं,” तो म्हणाला आणि माझी पिशवी उचलली. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी त्याचा उलगडा झाला. घरातली मंडळी भज्जीची पातेली, ताकातल्या आंबिलीचा माठ आणि बाजरीच्या वाफवलेल्या उंड्यांची टोपली घेऊन उजाडताच ट्रॅक्टरने रानात गेली होती. भज्जी म्हणजे मटार, तूर, हरभरा, वाल, जे जे ओलं मिळेल ते घालून बेसनात शिजवलेली भाजी. नुसता वास घेऊन भूक लागते. बालाजीची बायको सुरेखा तेवढी मागे थांबली होती. तिच्याबरोबर पायी निघावं म्हणून आठ वाजता बाहेर आलो, तर ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पाच म्हाताऱ्या नवी लुगडी-साड्या नेसून ओळीत बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर गाठोडं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

“ह्या कोणाची वाट बघतायत?” मी सुरेखाला हळू विचारलं.

ती जरा अवघडली. “ताईच्या गाडीची, दाजी. यांना मोटारसायकलीवर बसवत न्हाय, ट्रॉलीत चढवत न्हाय. ताई दरसाली दोन खेपा करून एकेकीला त्यांच्या त्यांच्या रानात सोडायची. काल ह्यांनी बोलू दिलं न्हाय मला. तुम्हाला वाईट वाटंल म्हणले.”

सुनंदाने हे मला कधी सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नसावं.

ओट्यावरच्या बानूबींनी थेट विचारलं, “जावईबापू, गाडी किधर हाय?”

“पुण्यात आहे.”

“अगं बया,” त्यांच्या शेजारच्या गोदामाय म्हणाल्या. “मंग गाडीला सोडून तुम्ही कशाला आला?”

पाचही जणी हसल्या. मीही हसलो, पण कानशिलं तापली होती. काळीपिवळ्या त्या दिवशी सगळ्या स्पेशल, म्हणजे घरटी आधीच ठरलेल्या. लोहाऱ्याहून भाड्याची गाडी मिळते का, म्हणून तीन फोन केले. तिन्ही ड्रायव्हर आपापल्या रानात होते. एकाने तर मलाच जेवायला बोलावलं.

मग मी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. रस्त्यावर जाऊन हात केला.

पहिली गाडी लातूरच्या एका कुटुंबाची, मागे दोन जागा. मी प्रस्तावना करायला लागलो, “माफ करा, यांना जरा…” तो माणूस मला मध्येच तोडून म्हणाला, “बसवा की! आज विचारतेत व्हय?” दोघी गेल्या. दुधाच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बानूबी बसल्या आणि जाताना मला राणीसारखा हात हलवला. बारा माणसांनी भरलेली एक काळीपिवळी आली, तिच्यात चौथी गेली. कशी मावली ते मी पाहिलं, तरी सांगता येणार नाही. प्रत्येक गाडीगणिक माझा आवाज चढत होता. अर्ध्या तासात मी चक्क रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात हलवत होतो. ऑफिसातल्या कोणी पाहिलं असतं तर ओळखलं नसतं.

गोदामाय मात्र हलेनात. दोन गाड्या त्यांनी परत पाठवल्या. “माझा गुडगा मुडपत न्हाय. मी म्होरल्या सीटवरच बसत असते. सुनंदाला इचारा,” त्या म्हणाल्या. मग पदराने गाठोडं पुसत बसल्या.

शेवटी एक कोरी गाडी आली. सीटवरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं, आरशाला लिंबू-मिरची. तरुण जोडपं होतं. मी गुडघ्याचं सांगितल्यावर बाई लगेच उतरून मागे गेल्या. नवरा मला म्हणाला, “तुम्हीपण चला. सुटा माणूस कशाला ठेवायचा?” सुरेखा केव्हाच पायवाटेने पुढे गेली होती. मी मागे बसलो.

गोदामाय पुढे बसल्या, हात मागे नेला, पट्टा ओढला आणि खटकन लावला. तरुण बघतच राहिला. “माय, तुम्हाला कुणी शिकवलं?”

“आमच्या सुनंदानं. पट्टा लावल्याबिगर गाडी हलवायची न्हाय ती. लई वरडायची. तू लाव की आधी.”

त्याने मुकाट्याने लावला. मी काच खाली करून ज्वारी बघत राहिलो. रस्ता तीन किलोमीटरचा होता आणि मला तो अजून थोडा लांब हवा होता.

रानात पूजा झाली. आंबिलीचे पाच पेले प्यालो, मोजणारा बालाजी. आजूबाजूच्या चार कोपींतून हाका आल्या आणि चारही ठिकाणी बसावं लागलं. जाणाऱ्यांना सांगतो, सकाळी न्याहारी करू नका आणि पहिल्या ताटाला पोटभर जेवू नका. दुपारी कडब्याच्या सावलीत पडलो असताना मी बालाजीला गाडी विकण्याचं सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं.

“इका की,” तो म्हणाला. “उभी गाडी उंदरं खातेत. अन् ताईलाच ती पुरत न्हवती. दरसाली म्हणायची, दोन खेपा लागतेत बालाजी, मोठी गाडी पायजे होती. पाच बायका एका दमात गेल्या पायजेत.”

मी तिथेच उठून बसलो आणि मोबाइल काढला. तासावर मिळणाऱ्या गाड्यांत सात सीटची आहे. तीन दिवसांचं भाडं पाहिलं, वर्षाच्या विम्याहूनही कमी. वर्षभर आधी ती नोंदवता येत नाही, म्हणून पुढच्या येळवशीच्या महिनाभर आधीची आठवण मोबाइलात लावली. तिन्हीसांजेला परत निघताना गोदामायना ते सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “म्होरली सीट माझी ना?”

शनिवारी बालाजीने मोटारसायकलवर लोहाऱ्याला सोडलं. तिथून एसटीने सोलापूर, सोलापूरहून पुणे. निघताना गोदामायनी तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी हातात दिली होती. ती मांडीवर घेऊन आलो.

आता मूळ प्रश्न. रोज दोन ठिकाणी मुलांना सोडायचं असेल, घरात आजारी माणूस असेल, तर स्वतःची गाडी ठेवा. सुनंदाच्या दवाखान्याच्या दिवसांत ती नसती तर आम्ही काय केलं असतं, कोण जाणे. पण आठवड्यातून एकदा लागणारी गाडी वाटून वापरलेलीच बरी. कारपूलला वेळेची घासाघीस असते, काळीपिवळीला थांबावं लागतं, आणि भाड्याच्या गाडीत तुमचं काहीच ठेवता येत नाही. हे शेवटचं मला जड गेलं. आमच्या गाडीच्या कप्प्यातून तिचा चष्मा, दोन रुमाल आणि हातमोजे काढायला रविवारची सकाळ गेली.

दहा वाजता शेजारी आले. दोन्ही किल्ल्या दिल्या. गाडी कुठे विकायला नेली नाही, तिथेच दोन जागा पलीकडे लागली, तरी आमची जागा एकदम मोठी दिसायला लागली. त्यांनी पेढे दिले. मी बॅटरीची तारीख सांगितली आणि वर आलो.

संध्याकाळी शेंगा धुतल्या, पातेल्यात मीठ-पाणी घालून उकडायला ठेवल्या. वीस मिनिटांनी चाळणीत ओतल्या. मग ताट घेऊन गॅलरीत बसलो आणि एकेक शेंग सोलून खाल्ली.