थिजलेलं तेल

बुधवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वासंती परब डोंबिवली पूर्वेच्या आपल्या पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटत होती, पण लक्ष फ्रिजकडे होतं. त्याच्या दारात शेंगदाणा तेलाची छोटी बाटली आदल्या संध्याकाळपासून ठेवलेली होती.

तेल शिवरामचं. मोहने गावात त्याचा लाकडी घाणा आहे. दर गुरुवारी तो भरलेला डबा आणतो, रिकामा घेऊन जातो. केंद्र सुरू झालं तेव्हापासून हीच रीत. ओळखीच्या चार बायकांची केंद्रंही वासंतीच्या शब्दावर त्याच्याकडूनच तेल घेतात. ती बोलली की त्याही त्याला सोडणार, आणि मग घाण्याला टाळं लागणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

संशयाची सुरुवात रक्ताच्या तपासणीपासून झाली. नवरा साईनाथ वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात फिटर आहे. कंपनीने कामगार आणि त्यांच्या बायकांची तपासणी केली. पाच वर्षांपूर्वीही अशीच झालेली. तेव्हा वासंतीचं वाईट कोलेस्टेरॉल एकशे आठ होतं, साईनाथचं एकशे तीस. आता सत्तावन्नाव्या वर्षी त्याचं जवळपास तेवढंच होतं. तिचं, त्रेपन्नाव्या वर्षी, एकशे अडुसष्ट.

वजन तेच, खाणं तेच. दोघं एकाच कढईतलं खातात, वर साईनाथ कामावरून येताना वडापाव हाणतो तो वेगळाच. नळ्यांची अदलाबदल झाली असणार, असं धरून तिने दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं. एकशे एकाहत्तर.

डॉक्टरीणबाईंनी थायरॉइड आणि साखरही तपासली. दोन्ही ठीक. मग त्यांनी विचारलं, पाळी जाऊन किती दिवस झाले? दोन वर्षं, म्हटल्यावर त्या म्हणाल्या की बाईच्या अंगातलं संप्रेरक आजवर कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवत होतं, ते कमी झालं की आकडा वर जातो. पुरुषांचा आधीच चढलेला असतो आणि पन्नाशीनंतर बहुधा तिथेच रेंगाळतो. तीन महिने रोज चाला, तळलेलं कमी करा, मग पुन्हा तपासू आणि गोळीचं ठरवू.

वासंतीला हे पटलं नाही. वयावर ढकललं की डॉक्टरला पुढे काही शोधावं लागत नाही, हे तिचं मत. शिवाय दिवसभर प्रत्येक भाजी चाखणारी तीच. तेलात भेसळ असली तर ती आधी तिलाच भोवणार. शुद्ध तेल फ्रिजमध्ये थिजत नाही, असं मोबाइलवर आलेलं तिने वाचलं होतं.

हात पुसून तिने बाटली काढली. तेल दुधाळ, घट्ट. बाटली उलटी केली तरी हललं नाही.

उद्यापासून येऊ नका, एवढंच सांगायचं ठरवून तिने शिवरामला फोन लावला, पण तोंडून आधी तेल थिजल्याचंच निघालं. तो घाईत नव्हता.

“ताई, शेंगदाण्याचं आहे, गारठ्यात थिजणारच. नाही थिजलं तर मला बोला.”

भेसळ करणारा तरी दुसरं काय सांगेल, असं तिच्या मनात आलं. बघते, म्हणून तिने फोन ठेवला.

केंद्रातून जेवणाचा डबा घेऊन कामावर निघालेल्या साईनाथने ते ऐकलं होतं. “अगं, दुकानातल्या पिशवीचं पण ठेवून बघ. चौकशीआधीच फाशी देतेस काय त्याला?”

“अहो, ते सीलबंद असतं.”

“म्हणून तर!”

तिने नावाजलेल्या कंपनीचं शेंगदाणा तेल आणलं, तसल्याच बाटलीत भरलं आणि शेजारी ठेवलं. संध्याकाळी केंद्र बंद करताना दोन्ही बाटल्या बाहेर काढल्या. दोन्ही सारख्याच थिजलेल्या. आता कोणाचं नाव घ्यायचं, हे तिला कळेना.

घरी येऊन तिने नवराबायकोचे जुने आणि नवे रिपोर्ट पुन्हा बघितले. बावन्नाव्या वर्षी साईनाथ जिथे होता तिथेच तो आजही होता. चढली होती ती एकटी, आणि तेही पाळी गेल्यानंतरच. तेलाने माणूस पाहून काम केलं नसतं. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं तिला त्या रात्री प्रथमच थोडं खरं वाटलं. तरी दर डब्यातलं वाटीभर तेल नमुना म्हणून बाजूला काढून ठेवायचं, हे तिने ठरवून टाकलं. साईनाथ हसला, तर त्याचा वडापाव बंद केला.

उद्या गुरुवार. शिवराम सव्वासातला येईल तेव्हा रिकामा डबा नेहमीच्या जागी दाराबाहेर असेल, आणि वासंती चालायला गेलेली असेल.