शिगेझोचा अल्सर

जपानमधल्या ओगाच्या बंदरात शिगेझो कुदोच्या अल्सरची गोष्ट ऐकली नाही असा माणूस सापडायचा नाही. तीसेक वर्षांपूर्वी त्याच्या जठराचा मोठा तुकडा काढला होता. तेव्हापासून वाडगाभर भात तो थांबत थांबत खायचा आणि कुणी साकेचा पेला पुढे केला की पोट थोपटून म्हणायचा, "अल्सरला हरवलंय मी." बायकोने, फुमीने, त्याच वर्षी त्याला मासेमारीच्या होडीवर जाणं सोडायला लावलं. तो राग त्याने कधी गिळला नाही. लोकांची जाळी दुरुस्त करताना येताजाता तिला भित्री भागूबाई म्हणायचा.

यंदा त्याचे डोळे पिवळे झाले. मोठ्या इस्पितळात फोटो काढले तर पित्तनळीच्या खालच्या टोकाला, स्वादुपिंडाला लागून कसलासा डाग. डॉक्टर कुसाका म्हणाल्या, तोंडातून दुर्बीण आत घालू, तिच्या टोकाला सोनोग्राफी असते, ती डागाच्या अगदी शेजारी नेऊन बघू.

"पण कुदो-सान, तुमचं उरलेलं जठर पुढे कशाला जोडलंय? जुनं इस्पितळ बंद पडलंय, कागदपत्रं नाहीत. ही दुर्बीण जाड असते. वाट माहीत नसताना रेटली तर आतडं फाटायचं."

"अल्सर होता, कातरला. मी तेव्हा बेशुद्ध होतो, मला काय विचारता?"

फुमी खुर्चीच्या कडेवर बसली होती. पर्स घट्ट धरून ती म्हणाली, "खालचं आतडं वर ओढून जोडलंय. जुनी वाट वरून शिवून बंद केलीय. ऑपरेशन झाल्यावर सर्जननी मला आत बोलावून समजावलं होतं. काढलेलं जठर ट्रेमध्ये ठेवलं होतं, तेही दाखवलं. गाठ होती त्यात. कॅन्सरची."

"कुणाच्या जठरात?" शिगेझोने विचारलं.

"तुमच्या."

शिगेझोच्या अंगाचा तिळपापड झाला. "कुणाकुणाला ठाऊक होतं?"

"तुमच्या दादांना. आपल्या मुलाला. तोफूवालीला."

"तोफूवालीला?"

"तिने मला रडताना पाहिलं हो. तेव्हा तशीच रीत होती. सर्जनच म्हणाले, पेशंटला सांगू नका, खचेल."

रीत म्हणे. ज्याचं पोट त्यालाच पत्ता नाही आणि तोफूवालीला सगळं माहीत, अशी रीत.

"आणि माझा दोस्त तेत्सुजी मरायला टेकला तेव्हा?" शिगेझोचा आवाज चिरकला. "त्याच्या उशाशी बसून मी म्हणालो, तुझा कॅन्सर, माझा नुसता अल्सर, माझं नशीब बाबा. तू तिथेच चहा ओतत होतीस."

तो डॉक्टरांकडे वळला. "ह्या वेळी जे निघेल ते मला सांगायचं. एकट्याला."

वाट कळल्यामुळे कुसाकाबाईंनी दुर्बीण हळूहळू, वळणावळणाने त्या शिवलेल्या टोकापर्यंत नेली आणि डाग नीट पाहिला. तो शुद्धीवर आल्यावर त्यांनी त्याला एकट्याला सांगितलं, "खडा आहे. गाठबीठ काही नाही. जठर काढलेल्यांना असे खडे होतात. तो काढता येईल."

शिगेझो छाती काढून बाहेर आला. "खडा आहे. नुसता खडा."

फुमीने त्याचा चेहरा निरखून पाहिला. "बरं," ती मऊ आवाजात म्हणाली.

रात्री ताटात गाभोळीने भरलेले, त्याच्या आवडीचे 'हाताहाता' जातीचे मासे आले. एरवी एकाच्या वर ती वाढायची नाही. शेजारी साकेचा पेलाही होता. शिगेझोने चॉपस्टिक्स आपटल्या. "अगं, खरंच खडा आहे."

"हो ना. मी कुठे नाही म्हणतेय?"

दुसऱ्या दिवशी त्याने तिला ओढत कुसाकाबाईंपुढे उभं केलं. बाईंनी पडद्यावर पांढरा ठिपका दाखवला, त्याची सावली दाखवली, हा खडाच म्हणून दोनदा सांगितलं. फुमी कमरेत वाकली. "यांचं मन राखलंत. फार उपकार झाले."

परत येताना गाडी फुमी चालवत होती. बंदर दिसायला लागलं तशी तिने वेग कमी केला.

"अहो," ती म्हणाली, "होडीवर जायचं असेल तर जा. मी नाही अडवणार."

ह्या एका वाक्यासाठी तो सगळं आयुष्य तिच्याशी भांडला होता. शिगेझोने डॅशबोर्डवर मूठ आपटली, पुन्हा आपटली, आणि संतापाने त्याला रडू फुटलं.

त्याला रडताना पाहून फुमीची खात्रीच पटली.